मणक्यातला गॅप

माझ्या लिहिण्यात चुका आहेत. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे ते मला कळत नाही. अक्षर तिरकं जातं, ओळ सोडून खाली उतरतं. अर्धापूरच्या बाजूला आमचं गाव. गावातली शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला चालत दुसऱ्या गावाला जावं लागे आणि घरात सांभाळायला लहान भावंडं होती. त्यानंतर सही आणि किराण्याची यादी सोडून मी काही लिहिलं नाही. ही वही मुलीची आहे, मागची पानं कोरी राहिली होती. कोणाच्या हाती लागली तर चुकांबद्दल माफ करा आणि वही होती तिथं ठेवा.

मला लिहायला इथल्या सरकारी दवाखान्यातल्या मॅडमनी सांगितलं. त्या व्यायाम शिकवतात. म्हणाल्या, पाठ किती दुखते ते लिहू नका, दुखली तेव्हा घरात काय चाललं होतं ते लिहा, आणि कोणाला दाखवू नका, मलाही नको. दाखवायचं नाही म्हटल्यावर मला जमेल असं वाटलं. समोर माणूस असला की माझं बोलणं घशातच राहतं. लहानपणापासून तसंच आहे.

आम्ही लातूरला राहतो. आमचे हे मार्केट यार्डात हमाली करतात. मी एका मेसमध्ये भाकरी करायची. बाहेरगावची मुलं-मुली इथं क्लासला येतात, त्यांची मेस. सकाळी शंभर भाकरी, संध्याकाळी शंभर. मी खाली बसून करायची, एक पाय मुडपून आणि एक गुडघा वर. उकळतं पाणी घालून पीठ मळायचं, परातीत थापायची, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा. भाकरी टम्म फुगली की पुढची थापलेली तयार असायची. बोलावं लागत नाही म्हणून मला ते काम आवडायचं. मुलं मला मावशी म्हणायची.

एक दिवस पिठाचा कट्टा ओढताना कमरेत चमक भरली. वाकलेली होते तशीच राहिले. मेसच्या मालकीणबाईंनी आणि चपात्या लाटणारीनं धरून मला भिंतीला टेकवलं. आमच्या गल्लीत एक पायाळू बाई आहे, म्हणजे जन्मताना जिचे पाय आधी आले ती. उसण भरली की लोक तिच्याकडून पाठीला लाथ लावून घेतात. ह्यांनी तिला बोलावलं. तिनं तीन वेळा लाथ लावली, आणि ती माझ्याहून लहान म्हणून लगेच माझ्या पायाही पडली. तेवढ्या दुखण्यात मला हसू आलं होतं. त्यानंतर कोणीतरी बिब्बा लावला. त्याचे डाग अजून कमरेवर आहेत. दुखणं गेलं नाही.

तीन महिन्यांनी नांदेडहून आक्का आल्या. आक्का म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. त्या घरी ब्लाउज शिवतात, आणि माणूस गेल्यापासून शिलाई मशीनवरच त्यांचं घर चालतं. मी जमिनीवरून उठताना त्यांनी पाहिलं आणि भावाला म्हणाल्या, "हिला नांदेडला घेऊन चाललेय. तू ये न्हाई तर नको येऊ."

नांदेडला एका खाजगी दवाखान्यात मला मशीनमध्ये घातलं आणि पाठीचा मोठा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला आणि धरूनच सांगितलं. मणक्यात गॅप आहे. वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, वजन उचलायचं नाही. सांभाळलं नाही तर ऑपरेशन. मी मान हलवली. गॅप म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. आक्कांनीही विचारलं नाही. गॅप म्हणजे काय ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं.

फोटो, इंजेक्शनं, पट्टा, गोळ्या, पुन्हा इंजेक्शनं, असे चार-पाच महिन्यांत चाळीस हजार गेले. ते सगळे आक्कांचे. घरावरचे पत्रे काढून स्लॅब टाकायचा म्हणून त्यांनी भिशी लावली होती. ती त्यांनी मधेच उचलली. मी मागितले नव्हते. "पत्रं पुढच्या साली बघू," एवढंच त्या म्हणाल्या.

आता मला गॅप म्हणजे काय वाटलं ते लिहिते. शाळेत गुरुजी फळ्यावर ओळ लिहायचे आणि मधला एक शब्द सोडून तिथं रेघ ओढायचे. रिकाम्या जागा भरा. माझ्या पाठीत तशी एक रिकामी जागा झाली आहे असं मला दिसायचं. वरचे मणके वर, खालचे खाली आणि मधे काही नाही. वाकले तर वरचा भाग सरकून पडेल. नांदेडहून परत येताना अहमदपूरच्या अलीकडे बस खड्ड्यातून गेली की मी दोन्ही हातांनी कंबर गच्च धरायची. शेजारच्या बाईला वाटलं मी बाळंतपणाला चालले आहे. तिनं खिडकीची जागा दिली.

त्यानंतर तीन वर्षं मी वाकले नाही. खरंच वाकले नाही. खाली काही पडलं तर पायाच्या बोटांनी उचलायची. झोपायला फळी. आंघोळीला स्टूल. केस मुलगी धुवायची. पाणी हे भरायचे, दिवसभर पोती वाहून आल्यावर. मेस सुटली. गल्लीत बायका जमल्या की गॅपच्या गोष्टी निघायच्या. एक म्हणे माझा दोन मणक्यांत आहे, दुसरी म्हणे माझा मानेत, तो जास्त वाईट. मी काही बोलायची नाही, पण माझ्यासारखा पट्टा कोणाकडे नव्हता, म्हणून त्या मला मानायच्या.

एवढं सांभाळूनही दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. कमरेतून मांडीत, मांडीतून पोटरीत, मग मानेपर्यंत. एका जागेचं दुखणं सगळ्या अंगाचं झालं.

एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. दर रविवारी आक्कांचा फोन यायचा. फोन वाजला, त्यांचं नाव दिसलं की मी उचलायच्या आधी कमरेत कळ यायची. त्यांनी पैशांचं नाव कधी काढलं नाही. त्या एवढंच विचारायच्या, "कसं हाय पाठीचं?" आणि मी म्हणायची, "हाय तसंच." दुसऱ्या वर्षी एका रविवारी मला खरंच बरं वाटत होतं. दोन दिवस गोळी घेतली नव्हती. तरीही मी म्हणाले, "हाय तसंच." का म्हणाले? बरं वाटतंय म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग कामाला कधी लागणार? आणि कामाला लागले आणि पुन्हा पडले तर? पुन्हा कोणाची भिशी? फोन ठेवला आणि संध्याकाळपर्यंत पाठ पहिल्यापेक्षा जास्त दुखली. मला वाटलं देवानं खोट्याची शिक्षा दिली.

चौथ्या वर्षी मुलीनं मला लातूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं व्यायामाच्या खोलीत ह्या मॅडम होत्या. वयानं माझ्या मुलीहून थोड्याच मोठ्या. त्यांच्या हातातलं पेन खाली पडलं. मुद्दाम पाडलं की चुकून पडलं, ते मला अजून माहीत नाही. म्हणाल्या, तेवढं देता का? मी म्हटलं, मला गॅप आहे.

त्यांनी पेन स्वतः उचललं आणि म्हणाल्या, "गॅप म्हणजे काय समजलं तुम्हाला?"

चार वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मला सांगता येईना. त्यांनी कागद दिला, काढून दाखवा म्हणाल्या. मी विटांसारखे मणके काढले आणि मधे मोठी मोकळी जागा सोडली. त्यांनी तो कागद नीट बघितला. हसल्या नाहीत. मग माझा फोटो उजेडाला धरून मला जवळ बोलावलं आणि बोटानं दाखवलं. दोन मणक्यांच्या मधे एक मऊ गादी असते. वयानं आणि कामानं ती थोडी दबते, तशी माझी दबली आहे. म्हणजे तिथली जागा वाढलेली नाही, उलट कमी झाली आहे. त्यालाच लोक गॅप म्हणतात. कुठं काही सुटलेलं नाही, काही सरकून पडणार नाही. न दुखणाऱ्या पुष्कळ माणसांचा फोटो काढला तर असाच दिसतो. तुमचे मालक पोती वाहतात ना, त्या म्हणाल्या, त्यांचा फोटो कदाचित याच्याहून वाईट निघेल.

मी खुर्चीवर बसले. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही.

"मग माझं दुखणं खोटं?" मी विचारलं.

"खोटं असतं तर माझ्याकडे कामच नसतं," मॅडम म्हणाल्या. "दुखणं खरंच आहे. पण आता ते हाडाचं कमी आणि भीतीचं जास्त आहे. तुम्ही घाबरून पाठ आवळून धरता, आवळली की ती दुखते, दुखली की अजून घाबरता."

हे मला तिथं पटलं नाही. घरी आल्यावर मेसमधली एक गोष्ट आठवली. एकदा सिलेंडरची नळी सुटून गॅस पसरला होता. कोणाला काही झालं नाही, नळी बदलली. पण पुढं पंधरा दिवस आम्हा तिघींना सारखा गॅसचा वास यायचा. गॅसवाला येऊन साबणाचं पाणी लावून दाखवून गेला, कुठं बुडबुडा नाही. तरी वास यायचाच. आमचं नाक खोटं बोलत नव्हतं. ते घाबरलेलं होतं. पाठीचंही असंच असेल, असं मी स्वतःला समजावलं.

ह्यांना मात्र आठ दिवस सांगितलं नाही. पाठ मोडलेली होती तोवर चाळीस हजार दवाखान्याचे होते. पाठ मोडलेलीच नव्हती तर ते पैसे कशाचे? मी ते खाल्ल्यासारखे झाले. आक्कांच्या स्लॅबवर मी तीन वर्षं फळी टाकून झोपले होते.

शेवटी सांगितलं. हे जेवत होते. हात थांबला. म्हणाले, "तीन वर्सं मी पाणी भरून राहिलो, ते कशापायी?" आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. ताटातली भाकरी तशीच ठेवून उठले, आणि दाराशी जाऊन म्हणाले, "आक्काला तू सांग. मला न्हाई जमायचं."

मॅडमनी शिकवलं ते मी करत होते. आधी खुर्चीवर बसून पुढं वाकायचं, श्वास सोडत. श्वास धरायचा नाही, ही त्यांची मोठी अट. मला तेव्हा कळलं की मी वाकायच्या विचारानंच श्वास धरते. मग उभं राहून गुडघ्यापर्यंत, मग नडगीपर्यंत. एक दिवस स्वयंपाकघरात पळी पडली. घरात कोणी नव्हतं. मी पळीकडे बघत राहिले. श्वास सोडला. वाकले, उचलली. काही झालं नाही. दुखलं, पण काही तुटलं नाही. मी ती पळी पुन्हा खाली टाकली आणि पुन्हा उचलली. असं पाच वेळा केलं आणि मग रडले.

दोन महिन्यांत पट्टा सुटला. मालकीणबाईंनी आधी वीस भाकरींवर घेतलं, तेही उभ्यानं, ओट्याजवळ. चपात्या लाटणारी म्हणाली, "आल्या बघा गॅपवाल्या बाई. काय भरलं मग त्यात, शिमिट का वाळू?" मी म्हटलं, "पीठ." एवढ्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा उलट बोलले होते. तिला हसू आवरेना.

आणि मग मी पुन्हा पडले. तीन दिवस अंथरुणातून उठता येईना. पहिल्या वेळेसारखीच कळ, पायापर्यंत. मी ह्यांना म्हटलं, गॅपच आहे, मॅडमला काय कळतं, मला नांदेडला न्या, ऑपरेशन करा. हे उठले. जाऊन पट्टा काढून आणला आणि माझ्या उशाशी ठेवला. तो पट्टा पाहून मला किती बरं वाटलं, ते लिहायला लाज वाटते.

चौथ्या दिवशी मुलगी मॅडमकडे घेऊन गेली. मॅडमनी पाठ तपासली, पाय उचलून बघितले, पायाची ताकद पाहिली. मग विचारलं, पडलात त्याच्या आदल्या दिवशी काय झालं होतं? मी म्हटलं, काही नाही, भाकरीच केल्या. अजून? काही नाही. मुलगी मागून म्हणाली, "आत्याचा फोन आला होता." आला होता. आक्का सांगत होत्या, पत्र्यातून पाणी गळतंय, मशीन एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकवून राहिले. हसत सांगत होत्या.

तेव्हा मॅडमनी लिहायला सांगितलं. इथवरचं मी त्या आठवड्यात लिहिलं आहे.

पुढचं आज लिहिते. मधे दोन वर्षांहून जास्त गेली. वही ट्रंकेत होती.

लिहून झाल्यावर मला दिसलं की जवळपास सगळ्या दुखण्यांच्या आधी एक फोन आहे. आक्कांना सांगितल्याशिवाय पाठ सोडणार नाही, हे मला तेव्हा कळलं. मी मुलीलाही न सांगता एकटी नांदेडच्या बसमध्ये बसले. पट्टा घरी ठेवला. बस खड्ड्यातून गेली तेव्हा हात कमरेकडे गेले, ते मी मांडीवर आणून ठेवले आणि श्वास सोडला. अहमदपूरला बस थांबली तेव्हा उतरून परत फिरावंसं वाटलं. लाजेनं उतरले नाही, कंडक्टर विचारेल म्हणून.

आक्का मशीनवर बसल्या होत्या. पाणी दिलं, चहा ठेवला. मी वाटेत जे जे ठरवलं होतं ते सगळं विसरले. चहा पिऊन झाल्यावर म्हटलं, "आक्का, गॅप नव्हताच."

त्यांना कळेना. मी जमेल तसं सांगितलं. दबलेली गादी, भीती, मॅडम. तो रविवारही सांगितला, बरं असून हाय तसंच म्हटलेला. सांगताना माझी नजर मशीनच्या पायट्यावरच्या त्यांच्या पायांवर होती. पाय थांबले होते.

"म्हंजे माझे पैसे पाण्यात गेले," आक्का म्हणाल्या.

मान हलवून मी "हाव" म्हटलं.

"आणि तू नाटक करत होतीस?"

मी वर बघितलं. मग त्याच म्हणाल्या, "तुला मी उठताना बघितलंय. लई नाटकं बघितली मी, सासरात न् माहेरात. नाटक करणाराचं तोंड तसं होत न्हाई." त्यांनी दोरा दातानं तोडला. "पण रविवारी खोटं बोललीस ते वाईट केलंस. मी दर रविवारी फोन ठिवला की देवापुढं बसायची तुझ्यासाठी."

हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, आक्का, मला माफ करा.

"खोटं बोललीस त्याची माफी," त्या म्हणाल्या. "पैशाची न्हाई. पैसे मला पाहिजेत. तू आता धडधाकट हायस. भाकरी कर आणि दे. महिन्याला दे, थोडे दे, पण सगळे दे."

परत येताना मी बसमध्ये झोपले. बसमध्ये मी कधी झोपत नाही. आक्कांनी राहू दे म्हटलं असतं तर मला जन्मभर वाकता आलं नसतं, हे मला नंतर कळलं. राहू दे हे आजारी माणसाला म्हणतात. मला त्यांनी दे म्हटलं.

महिन्याला दीड हजार ठरले. काही महिने चुकले. क्लासना सुट्या लागल्या की मेस बंद राहते. एकदा मुलीला टायफॉइड झाला. पाठ पूर्ण बरी झाली असंही नाही. थंडीत दुखते. ह्यांच्याशी कशावरून बिनसलं की दुखते. काही वेळा कारण सापडतच नाही, मी शोधत बसते आणि शोधूनच थकते. हे अजूनही कधीकधी मी हंडा उचलताना दारात उभे राहून बघतात, आणि त्या बघण्यात काळजी आहे की ती तीन वर्षं आहेत, मला ओळखता येत नाही. आम्ही त्यावर बोललेलो नाही. पण आता मी खाली बसून करते. सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर. दुखलं तर श्वास सोडते, बाजू बदलते, पुढची थापते.

गेल्या आठवड्यात शेवटचे हजार राहिले होते. फोनवरून पाठवू का म्हणून मुलगी म्हणाली. मी नको म्हटलं, नांदेडला गेले. आक्कांनी मशीनवरून न उठता पैसे घेतले, बोटाला थुंकी लावून दोनदा मोजले. एक शंभराची नोट मधे फाटलेली होती, ती परत दिली. "ही चालत न्हाई. बदलून आण." मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, चहापत्तीचा पुडा घेतला, दुकानदाराला गयावया करून ती नोट खपवली आणि आलेल्या सुट्यांत पदरचे घालून चांगली शंभराची आणून दिली. आक्कांनी ती उजेडाकडे धरून बघितली, बाकीच्यांत ठेवली आणि म्हणाल्या, "फिटले. चाळीसच्या चाळीस."